ओली, दमट, कोरडी

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

बारकीचा 'र' गिरवत बसलो आहे. विजेच्या जुन्या बिलांच्या पाठीवर. एकशे बारा वेळा लिहिला, तरी जमत नाही. तिचा 'र' पुढे झुकतो, बस सुटत असल्यासारखा. माझा नुसता उभा राहतो. ती आत झोपली आहे. बाबा नळापाशी खोकत आहेत. रोजचाच खोकला, दोन-तीन वेळा. मग शीळ घालतात.

हे का करतो आहे ते लिहून ठेवतो. पुढे कुणी विचारले तर निदान मला तरी आठवायला हवे.

विद्यापीठाच्या देणगी कक्षात मला दोन वर्षे झाली. कागदोपत्री शिपाई. पण शिष्यवृत्तीच्या प्रत्येक मुलाने देणगीदाराला स्वतःच्या हाताने आभारपत्र लिहून द्यायचे असा कक्षाचा नियम आहे, आणि मुले कितीही हुशार असली तरी शुद्धलेखनाचा आनंदीआनंद! मी नववीत शाळा सोडली, पण माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. म्हणून चुका काढून पत्र पुन्हा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. चार तऱ्हेची अक्षरे काढता येतात. बाबा मला 'मास्तर' म्हणतात. चेष्टेने.

जूनमध्ये नव्या मॅडम आल्या. आल्या आल्या त्यांनी टेबलावर तीन ट्रे मांडले आणि त्यांवर माझ्याकडून चिठ्ठ्या लावून घेतल्या. ओली. दमट. कोरडी. "आधी डोळ्यांतून पाणी काढायचं, मग खिशातून पैसा. उलटं कधी होत नाही, लिहून ठेव." लिहून ठेवले.

शुक्रवारी त्यांनी बारकीचे पत्र उचलले. तीन ओळी. 'रक्कम मिळाली. तिसऱ्या वर्षाला ७८ टक्के पडले. आभारी आहे.' मॅडमनी ते दोन बोटांत धरून कोरड्या ट्रेमध्ये सोडले. "ही मुलगी आहे का धोंडा? पुठ्ठेवाल्यांच्या देणगीवरची ना ही? तिच्या शेवटच्या वर्षाचं यंदा ठरायचंय. कात्री लागली की पहिली कोरडी कापतात."

ती माझी बहीण आहे हे त्यांना माहीत नाही. नोकरांच्या नातेवाइकांना शिष्यवृत्ती मिळत नाही. नोकरीला लागताना मी 'नातेवाईक नाहीत' असे लिहिले. एकच खोटे, असे तेव्हा वाटले होते.

तीन वर्षे तिची कोरडी पत्रे चालली! पण ट्रे नवे, मॅडम नव्या.

६ ऑगस्ट, बुधवार.

पत्र लिहिले. तिचे कोरडे काढून घेतले, माझे ठेवले. दीड पान. बाबांचे किल्ल्यांचे दुकान (दुकान कसले, भिंतीला टेकलेले कपाटच ते!), कानशीचा आवाज, शर्टाच्या बाहीवर पितळेचा कीस. एवढे खरे. पुढे लिहिले की तो कीस तीस वर्षे श्वासातून आत गेला आणि आता वडील अंथरुणाला खिळले आहेत. नळापाशी बाबा शीळ घालत होते. पण वाक्य चांगले उतरले होते.

मॅडमनी उभ्या उभ्या वाचले. दमट! "आजारी बाप? आजारी बाप सगळ्यांकडे असतो रे. त्या गठ्ठ्यात मोज, पंधरा तरी निघतील."

मोजले. एकोणीस निघाले.

७ ऑगस्ट, गुरुवार.

दमटातली नक्की किती नावे कापतात? विचारायची हिंमत झाली नाही. दिवसभर एकच घोकत होतो. दमट, दमट.

१९ ऑगस्ट, मंगळवार.

वसतिगृहातला एक उंच मुलगा आज पत्र्याची पेटी घेऊन कक्षात आला. दुसऱ्या वर्षाचा. गणितात पहिला. त्याचे पत्र कोरड्यात होते. त्याच्या देणगीदाराने कळवले, 'मुलाला जाणीव दिसत नाही. यंदापासून देणगी बंद.' मुलगा पेटी खाली न ठेवताच उभा. "पण मॅडम, मी धन्यवाद लिहिलं होतं की. दोनदा." मॅडम म्हणाल्या, "दोनदा लिहिलंस हेच चुकलं. एकदा मनापासून लिहायचं होतंस." त्याने माझ्याकडे पाहिले. त्या पत्रातली 'आशिर्वाद'ची दीर्घ-ऱ्हस्वाची चूक मीच काढली होती. तेवढेच केले होते त्याच्यासाठी. तो गेला तेव्हा पेटीची कडी दाराला अडकली आणि मी सोडवून दिली.

एक वाजून चाळीस मिनिटांनी बाबांना मारले.

जेवणाच्या सुट्टीत नवीन कागद घेतला. तारीख आजचीच घातली. पहाटे गेले, असे लिहिले. आई तर बारकी चार वर्षांची असतानाच गेली, त्यामुळे आता ती पूर्ण अनाथ. शेवटी वाटले, काहीतरी वस्तू हवी. नुसते मरण म्हणजे बातमी. म्हणून लिहिले की जाताना वडिलांनी माझ्या मुठीत एक किल्ली ठेवली आणि म्हणाले, हिचं कुलूप मी केलेलं नाही, ते तुझं तू शोध.

बारकीचा 'र' पहिल्या फटक्यात आला.

संध्याकाळी घरी गेलो तर बाबा माझ्या टेबलाच्या खणाचे कुलूप दुरुस्त करत बसलेले. "मास्तर, तुझा खण कधीचा अडकतोय म्हणालास ना? घे. आता काय लपवायचं ते लपव." ही वही त्याच खणात असते.

जेवताना ते तीनदा खोकले. मी मोजत होतो.

२ सप्टेंबर, मंगळवार.

ओली!

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "याला म्हणतात पत्र. किल्ली बघ काय बसवली आहे पोरीनं! आणि मी तिला धोंडा म्हणाले." माझ्याकडे पाहिले. "चुका काढल्यास?" म्हटले, एकही नव्हती.

संध्याकाळी बारकी शुल्काची पावती घेऊन घरी आली. शेवटच्या वर्षाचे पूर्ण भरले. तिने पावती बाबांच्या हातात दिली. ते अक्षर अक्षर लावत वाचतात. 'बा-की. शून्य.' मग ती डोळ्यांना लावायची तेवढी राहिली. म्हणाले, "त्या पुठ्ठ्याच्या कारखानदाराचं भलं होवो. कोण कुणाचा! एकदा भेटला पाहिजे मला." मी पावतीची घडी घालून ती डब्यात ठेवली.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

बोंब झाली.

पुठ्ठेवाल्यांचे सांत्वनाचे पत्र बारकीच्या नावाने कक्षात आले. मी टपाल आणायला गेलो होतो, तेवढ्यात मॅडमनी तिला बोलावून स्वतःच्या हाताने दिले. वर पाठीवरून हात फिरवला. बारकीला वाटले, भलत्याच कुणाचे पत्र. नाव आपलेच पाहिले तेव्हा काही बोलली नाही. ती तशी शहाणी. घरी येऊन दार लावून घेतले. बाबा दुकानावर होते.

"बाबांना मारलंस?"

मी सगळे सांगितले. ट्रे, एकोणीस आजारी बाप, उंच मुलाची पेटी. ती ऐकत होती. औषधशास्त्राचे पुस्तक छातीशी धरून. मला वाटले आता थोबाडीत देईल. दिली असती तर बरे झाले असते.

"आणि मला न विचारता?"

"विचारलं असतं तर लिहू दिलं असतंस?"

"नाही." तिने पुस्तक खाली ठेवले. "कशानं गेले?"

"फुफ्फुसं. पितळेच्या किसानं."

"पितळेच्या किसानं कुणी असं मरत नाही, दादा. निदान वाचून तरी लिहायचंस! कधी?"

"१९ ऑगस्ट. पहाटे."

"बरं," ती म्हणाली. "लक्षात ठेवते."

इतक्यात बाबा आले. "काय रे, दोघांची तोंडं का अशी? कुणी मेलं की काय?"

बारकी हसली! खळखळून हसली. मला ते हसू अजून ऐकू येते आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

तिने सकाळी पत्राची नक्कल मागितली. मी प्रत्येक पत्राची नक्कल ठेवतो. परीक्षेचे वाचतात तशी ती खालीवर रेघा मारत वाचत होती. "किल्ली काय ठेवलीस मध्येच! विचारली तर कुठली दाखवू?"

९ जानेवारी, शुक्रवार.

आज दुपारी देणगीदारांचे चहापान. मी पाण्याचे पेले फिरवत होतो.

पुठ्ठेवाले आजोबा पहिल्यांदा पाहिले. कारखानदार म्हटल्यावर मला पोट सुटलेला, अंगठ्या घातलेला माणूस वाटला होता. हे तर वाळक्या शेंगेसारखे. कोट खांद्यांवरून ओघळणारा. बारकी समोर गेली आणि मी पेल्यांचा ट्रे घेऊन खांबाआड थांबलो.

तिच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली किल्ली होती! बाबांच्या भंगाराच्या डब्यातली. दाते चुकलेली, टाकून दिलेली. तिने ती ओंजळीत धरली आणि रडली. आवाज न करता, नाक लाल न होता, हवे तेवढेच. मी लिहिलेले तर तिने म्हटलेच, वर स्वतःचे घातले. बाबांचे बूट अजून दाराशीच आहेत, दादाला ते उचलवत नाहीत म्हणे. आजूबाजूच्या दोन बायकांनी रुमाल काढले.

आजोबा मात्र खाली फरशीकडे बघत होते. "पुरे, बेटा. पुरे, पुरे." एवढेच. चहा तसाच टाकून लवकर निघून गेले. मॅडम म्हणाल्या, "बघ, सहन झालं नाही त्यांना! याला म्हणतात ओलं." बारकीचा फोटो काढला. हातात किल्ली.

घरी येताना तिला म्हटले, बूट कशाला घातलेस मध्ये?

"तू मारलंस," ती म्हणाली, "मी फक्त पुढचं आवरतेय."

२० जानेवारी, मंगळवार.

कक्षाची 'कृतज्ञता' पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर बारकी आणि किल्ली. पाचशे प्रती, सगळ्या जुन्या-नव्या देणगीदारांना जाणार. पहिल्या पानावर माझे पत्र, तिच्या नावाने. एक मुद्रणदोष आहे. 'मुठीत'मधला 'मु' दीर्घ केला आहे. जीव चरफडला.

बाबांना वाचायला वेळ लागतो. फोटो बघायला लागत नाही. घरी एकही प्रत येऊ द्यायची नाही.

१४ मार्च, शनिवार.

बाबांनी पदवीदानासाठी जुने काळे बूट बाहेर काढले. आता रोज दुकानावर जायच्या आधी पाच मिनिटे घासतात. आज म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी दुकान बंद. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. तुझा समारंभ बघायचा राहिला, हिचा सोडणार नाही. एकदम पुढं बसणार! नाव पुकारलं की एकच टाळी अशी वाजवीन की छप्पर उडालं पाहिजे."

बारकीने माझ्याकडे पाहिले. मी बुटांकडे.

५ जून, शुक्रवार.

निकाल! पहिला वर्ग. औषधांच्या एका कारखान्यात नोकरीही ठरली, पण दुसऱ्या शहरात. बाबांनी शेजारच्या तिन्ही घरांच्या कुलपांत फुकट तेल घातले. आनंद झाला की ते असलेच काहीतरी करतात.

जेवण झाल्यावर बारकीने काढलेच. "बाबा, पदवीदानाचा पास एकच मिळतो हं माणशी."

"एकच? मग काय, मी जातो! हा तर रोज तिथंच असतो, त्याला कशाला पास?"

तिचे तोंड उघडेच राहिले. हे आम्ही दोघांनी तीन दिवस बसून जुळवले होते, आणि एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. मग ती घाईने म्हणाली, "तो पास ना, देणगीदारांसाठी असतो. ज्यांनी पैसे भरले त्यांच्यासाठी."

बाबा थांबले. दात कोरत होते, तेही थांबले. "हां," म्हणाले. "बरोबर आहे. ज्यानं पैसे भरले त्यानंच बसावं." नंतर म्हणाले, "मी नाही भरले."

खोटे आणखी तासून बसवता आले असते. मला सुचले होते. पण मी ताट उचलून उठलो.

१९ जून, शुक्रवार.

आज बाबांनी बूट घासले नाहीत. मला हायसे वाटले. हायसे! असा मी.

२० जून, शनिवार.

मंचाच्या डाव्या अंगाला माझे टेबल. पदवीच्या नळ्या नावाप्रमाणे लावून पुढे सरकवायच्या. तीनशे चौदा नावे, सगळी माझ्या हातची. अकरा वाजून पाच मिनिटांनी बारकीची नळी हातात घेतली आणि सहज समोर पाहिले.

शेवटच्या रांगेत, दाराजवळ, बाबा.

काळे बूट. इस्त्रीचा शर्ट. सभागृहाचा रखवालदार त्यांच्या ओळखीचा, मागच्या दाराचे कुलूप त्यांनीच बसवलेले. हे मला आधी सुचायला हवे होते! मी सगळ्याची यादी करतो आणि दाराची करत नाही.

आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर पुठ्ठेवाले आजोबा. त्यांची जागा पुढे राखून ठेवली होती, पाटी मीच लिहिलेली. पण म्हातारे गुडघ्यामुळे सारखे उठतात म्हणून दाराशी बसले असावेत. दोन पांढरी डोकी एकमेकांकडे कललेली. आजोबा बोलत होते. बाबा ऐकत होते. आजोबांनी मंचाकडे बोट दाखवले. बाबांनी बोटाकडे पाहिले, मग बारकीकडे.

मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मला एकूण एक शब्द पाठ होता.

नाव पुकारले. बारकीने नळी घेतली. ती उजव्या पायावर वळते, वळली, आणि तिला ते दिसले. पाऊल चुकले नाही तिचे. हसू पण तसेच.

टाळ्या वाजल्या. बाबांनीही वाजवली. छप्पर उडाले नाही. बाकीच्यांच्या टाळ्यांमध्ये बसेल एवढीच वाजवली. परक्याची वाजवतात तशी.

२१ जून, रविवार.

काल बाबा उशिरा आले आणि सरळ झोपले. आज चहाच्या वेळी त्यांनीच सुरुवात केली. कपाकडे बघत बोलत होते. आठवते तेवढे लिहितो.

"चांगला माणूस आहे. मला म्हणाला, तुमचं कोण आहे यात? म्हटलं, कुणी नाही, कुलूप बघायला आलो होतो, थांबलो. मग म्हणाला, ती तिसरी पोर बघा. बाप नाही तिला. किल्ल्या करायचा म्हणे. म्हटलं, अरेरे. कशानं गेला? तर म्हणाला, पितळेचा कीस. म्हटलं, असेल, वाईट धंदा आहे. माणूस कसा होता? म्हणाला, फार बरा होता हो. सगळं पत्रात आहे."

बारकी भिंतीला टेकून उभी होती.

"आणि ती किल्ली! कुलूप नसलेली! मास्तर, ते तुझंच ना? हिला नाही सुचणार. अरे, असली किल्ली मी कधी करीन का? गिऱ्हाईक जोड्यानं मारील." हसले. हसता हसता खोकला लागला, आणि आम्ही दोघेही तो थांबायची वाट बघत बसलो.

मी रडायला लागलो. म्हटले, बाबा, कोरड्यातली नावे कापतात, तुम्ही तो उंच मुलगा पाहिला नाही, पेटी घेऊन आला होता. ते म्हणाले, "गप. केलंस ते केलंस. पदवी मिळाली ना तिला?" मग कप खाली ठेवून, "एक मात्र कळलं नाही. तो म्हणाला, तीन वर्षं सुखात गेली, यंदा ही रडकी पत्रं यायला लागली. आली की दोन दिवस जेवण जात नाही. मी मागितलीच नव्हती म्हणाला पत्रं."

बारकी म्हणाली, "म्हाताऱ्या माणसांना आठवत नाही, बाबा."

मलाही तेच वाटते. मॅडम तर स्वतः म्हणाल्या होत्या, ठरायचंय म्हणून.

२६ जून, शुक्रवार.

बाबांची चेष्टा संपत नाही. सकाळी, "मेलेल्याला साखर किती?" शेजारीण म्हणाली, पावसाचे बाहेर पडू नका, आजारी पडाल. तर म्हणाले, "मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, वहिनी." ती बिचारी हसली. मी चेष्टा समजून हसायचा प्रयत्न केला, तर माझ्याकडे असे पाहिले की ओठ जागच्या जागी राहिले.

त्यांचे काळे बूट दाराशी आहेत. घालत नाहीत. उचलतही नाहीत. बारकीने चहापानात सांगितले होते तसेच. तिने ते घरी सांगितलेले नाही, मीही नाही. मग त्यांना कसे कळले? आजोबांकडून, अर्थातच.

२९ जून, सोमवार.

चेष्टा संपली. बाबा अंथरूण घेऊन दुकानात राहायला गेले. पाय लांब करता येत नाहीत तिथे. डबा नेला तर घेतला आणि म्हणाले, "डबा कुणाचा?" म्हटले, तुमचाच. "बरं, ठेवा." मला अहो-जाहो करतात आता. गिऱ्हाइकासारखे.

२ जुलै, गुरुवार.

बारकी सकाळी अकराच्या गाडीने गेली. स्टेशनवर जायच्या आधी दुकानावर थांबली. मी रस्त्याच्या पलीकडे सामान धरून. बाबा एका बाईची किल्ली कापत होते, यंत्र चालू. ती उभी राहिली. त्यांनी यंत्र बंद केले नाही. बाईची झाली, तर पुढच्याची घेतली. सहा मिनिटे मी घड्याळात मोजली. मग ती परत आली.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "दादा, एक कर. आजोबांना कधी खरं कळू देऊ नकोस. फार वाईट वाटेल त्यांना."

त्यांना!

६ जुलै, सोमवार.

मॅडमनी करारांच्या लोखंडी कपाटाची किल्ली हरवली. सगळ्या देणगीदारांचे मूळ कागद त्यात असतात. ते कपाट माझ्या खुर्चीपासून तीन हातांवर आहे, पण मी ते कधी उघडे पाहिलेले नाही. उद्या तपासनीस येणार म्हणून मॅडमचा जीव टांगणीला. "अरे, किल्लीवाल्याला आण! तो भिंतीशी बसतो ना, त्याला."

म्हटले, तो नाही तिथे. म्हणाल्या, "आहे की, आत्ताच येताना पाहिला."

गेलो. काय म्हणावे कळेना. म्हटले, कपाट उघडायचे आहे. बाबांनी हत्यारांची पिशवी घेतली आणि माझ्या दोन पावले मागून चालत आले.

कपाटावरच्या भिंतीला पुस्तिकेचे मुखपृष्ठ चौकट करून लावलेले. बारकी, किल्ली. बाबा कुलपाशी गुडघ्यांवर बसले. तारेने दोनदा चाचपले, कान लावला. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्याच धंद्यातल्या एका माणसाची मुलगी बघा ती. बिचारा गेला." बाबांनी मान वर केली. नीट पाहिले. "दाते चुकलेत त्या किल्लीचे," म्हणाले, आणि पुन्हा कुलपाकडे वळले.

चार मिनिटांत कपाट उघडले. दहा मिनिटांत नवी किल्ली घासून दिली. मॅडमनी पेटीतून ऐंशी काढून माझ्याकडे दिले, "दे त्यांना." मी पुढे केले.

"मला कशाला, साहेब? वारसाला द्या."

पिशवी उचलून गेले. मॅडम हसून लोटपोट. "विनोदी आहे म्हातारा!"

७ जुलै, मंगळवार. दुपारी एक वाजून पंधरा मिनिटे.

तपासनीस जेवायला गेले आहेत. कपाटातल्या फायली नावाप्रमाणे लावायला सांगितल्या. पुठ्ठेवाल्यांची सापडली. एकच कागद. चार वर्षांपूर्वीचा, १२ जुलैचा. अक्षर थरथरते, पण शुद्ध. मॅडमना दाखवला. त्यांनी पाहिलाही नाही नीट. "माहीत आहे मला. आधी सांगितलं असतं तर इतकं ओलं पत्र आलं असतं का?"

जसेच्या तसे उतरवतो.

चारही वर्षांचे शुल्क, आजच एकरकमी भरले: २,४०,०००
परत करायचे: काही नाही
अट: काही नाही
सूचना: मुलीला आभारपत्र लिहायला लावू नये. वडिलांना सांगावे की काळजी करू नका.

माझा हिशेब.

पत्राचा कागद, नवी शाई: १२
डब्याचा रिक्षाखर्च, आठ दिवस: १६०
किल्लीवाल्याचे देणे: ८०. वारसाकडे जमा.